पाठुंगळी

सान पेद्रोत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं :
मोकळ्या पाठीने विस्तवात उतरू नये.
पाठीवर कुणीतरी हवं.
माणसाच्या भाराने पाऊल सपाट पडतं,
इंगळ दबतो, गुदमरतो,
चावायचं विसरतो.

मला हे सातुरिओने शिकवलं, माझ्या बापाने,
स्वयंपाकघराच्या फरशीवर.
मी नऊ वर्षांची, पाठुंगळीला बटाट्यांचं अर्धं पोतं.
"पळायचं नाही. चवड्यावर तर नाहीच नाही.
ओल्या मातीत ठसा उठवायचाय असं समज."
एक बटाटा निसटून चुलीमागे गेला
तो थेट नाताळात सापडला,
आंधळे पांढरे कोंब फुटलेला.

एकेचाळीस जूनच्या रात्री तो चालला.
पाठीवर कोण कोण होतं :
आई, लग्नाच्या आधी, म्हणजे गावभर बोभाटा.
पोस्टमन एलादिओ, ज्याच्याशी बांधावरून अबोला होता
आणि पलीकडे उतरवल्यावर पुन्हा सुरू झाला.
सारागोसाचा एक डॉक्टर, तापमापक घेऊन आलेला,
राख उष्णता कशी अडवते ते तो सगळ्यांना सांगत होता;
मग हळूच म्हणाला, मलाही न्याल का?
उतरल्यावर बराच वेळ
बुटाची एकच नाडी बांधत बसला.
आणि मी. मला फक्त त्याची मान आठवते,
मेंढ्यांचा वास, वर साबणाचा.

यंदा दवाखान्याच्या काट्यावर त्रेचाळीस किलो.
बिछान्यातून न्हाणीत नेताना वाटतं
आपण नुसता सदराच उचललाय.
"आता तू ने," म्हणाला.
मी म्हटलं, "तू मला पुरायचा नाहीस."
बोलून गेले. मग भांडी घासत राहिले,
घासलेलीच.

तेवीस तारखेला, उन्हं कलताना,
तो ओसरीत बसलेला. अंगात लोकरीचा कोट, ऐन जूनमध्ये.
चारही खिसे फुगलेले.
शेजारच्या फेरमीनला दोन युरो देऊन
नदीतले गोटे आणवले होते.
"बघ आता," म्हणाला,
लग्नाला निघाल्यासारखा.

मध्यरात्र. संध्याकाळपासून जळून
ओक आता नुसता लाल उरलेला.
माणसं लांब काठ्यांनी तो सारखा करतात,
अंथरूण झटकून घालावं तसा.
देवळाचं दार उघडं, आत कुमारीपुढे एक दिवा.
मी प्रार्थनेला जात नाही. मेणबत्ती लावत नाही.
गुडघे टेकायचे ते फक्त जमीन पुसायला.
पण तुतारी वाजली,
दगडी पायऱ्यांवरचा सगळा गाव एकदम गप्प झाला
आणि बापाचे हात माझ्या गळ्याभोवती आले,
तेव्हा तोंडात शब्द नव्हता
आणि पाठीवर होता.

कानाशी म्हणाला, "भरली का पाठ?"

पहिलं पाऊल.
उष्ण नाही. खरखरीत. मिठावर ठेवावं तसं.
दुसरं.
गोटे माझ्या बरगड्यांवर आपटतात.
नंतर मोजणं सुटलं.
बाप श्वास घेत नव्हता की मीच घेत नव्हते,
एवढंच कळत होतं की
जे खाली ओढतंय तेच पलीकडे नेतंय,
आणि मग गार, ओली माती,
कुणीतरी मला धरून हलवतंय, ओरडतंय, हसतंय,
तो अजून पाठीवरच,
उतरायला तयार नाही.

डाव्या करंगळीला फोड आला, मसुराएवढा.
त्याला सांगितला नाही.

घरी कोट काढून खिसे टेबलावर रिकामे केले.
अकरा गोटे, नदीने गुळगुळीत केलेले.
बारावा हाताला वेगळा लागला :
बटाटा.
मी वर पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता,
हसू दाबत, चोरासारखा.

सकाळी उकडला.
अर्धा त्याने, अर्धा मी,
मीठ लावून.