चिकटवायचं कशानं

रुवीच्या होंडा रोडवर धरमशीभाईंच्या दुकानात
गोंदाचं एक अख्खं कपाट आहे.
मी सांगितलं, अ‍ॅक्रिलिक आहे, तीन मिलिमीटर, आरपार दिसणारं.
छोटी गलबतं जोडायचीत.
तळ आडवा, शीड उभं, खाच मधोमध.
"मुलासाठी?"
नाही. दर गुरुवारी रात्री आम्ही चार बाप्ये
जेवणाचं टेबल पुसून
त्यावर वारा, बंदरं आणि जकात मांडतो.
धरमशीभाईंनी चष्मा वर केला,
पाचशे बैशांची सुपरग्लूची ट्यूब पुढे केली:
"यानं माणूससुद्धा चिकटतो."

चिकटलाच. माझी दोन बोटं, पाऊण तास.
हुझैफा मुकादमनं मात्र एक गलबत
सुकेपर्यंत धरून ठेवलं, श्वास रोखून,
भिंतीला टाइल धरतो तसं.
मग सगळी डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं,
मांजराची भीती.

सकाळी उघडलं, तर शिडांवर दहिवर.
पिठूळ, पांढरं, पुसून न जाणारं.
एप्रिलात. मस्कतमध्ये.

मग दोन नळ्यांचा इपॉक्सी आणला.
तो प्रामाणिक, पण जाड; काकवीसारखा ओघळला
आणि आठवडाभर बाल्कनीत राहून
विडीवाल्याच्या दातांसारखा पिवळा पडला.
मरवान म्हणाला, उन्हानं सुकणारा घे,
ऊन आपल्याकडे पुरून उरतं.
इतकं उरलं की पार्किंगमध्येच, टोपण उघडून बघेस्तोवर,
नळीच्या तोंडाशी खडा.

शेवटी वादी कबीरला, पाट्या बनवणाऱ्या साजूनं
इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये काहीतरी पाण्यासारखं भरून दिलं.
हा गोंदच नाही, म्हणाला.
खाचेला सुई टेकव, तो आपला आपण आत धावतो,
दोन्ही कडा जराशा वितळवतो
आणि उडून जातो.
खिडक्या उघड्या ठेव.
चुकलास तर दहा मोजेपर्यंत वेळ आहे, पुढे नाही.

आमच्या आळीत लग्नं जुळवणारे एक मास्तर होते,
दोन्हीकडच्यांना थोडं नरम करायचे
आणि पंगतीला कधी सापडायचे नाहीत.
त्यांची आठवण काढत एकतीस गलबतं जोडली.
स्वच्छ. जोड शोधून दाखवा.
एकाचं शीड वाकडं आहे, तेव्हा मी अकरा मोजले होते.

त्याच महिन्यात हुझैफाची दुक्मला बदली झाली.
दुक्म काही चंद्रावर नाही, सहा तासांचा रस्ता.
तरी गुरुवार तीन पायांचा झाला.

बिघडलेली गलबतं टाकायला काढली,
आणि ट्यूबलाइटखाली एक तिरपं झालं.
दहिवरात अंगठा.
रेघन् रेघ, मधे शंख,
शंखाला आडवी चुन्यानं खाल्लेली फट.
रेसिडेंट कार्डाच्या कचेरीत काच त्याला दर वेळी सांगायची, पुन्हा ठेवा.
सिमेंटनं झिजलेली बोटं.
काउंटरवरची बाई सुस्कारे टाकायची,
तो पँटला अंगठा पुसून पुन्हा ठेवायचा,
पुन्हा ठेवायचा.
पाचशे बैशांच्या वाफेनं तो एका रात्रीत वाचला.

ते टाकलं नाही.
आता दुक्महून तो फोनवर फासा टाकतो.
सहा पडले म्हणतो. दर वेळी सहाच.
मरवान छताकडे बघतो.
आम्ही मानतो, आणि ते धुरकट गलबत
कडेला धरून
सहा घरं पुढे नेतो.