चार लाख एकतीस

रात्रपाळीला लाकडी खणांच्या भिंतीसमोर
चेंदवणकर माझ्या डाव्या हाताला उभे असत.
पिनचे शेवटचे दोन आकडे वाचायचे, पत्र टाकायचं.
सात, ग्रँट रोड. चौदा, दादर. एकतीस, वडाळा.
मला दोन आकडे पुरायचे.
त्यांना सहाच्या सहा लागत.

चहाच्या सुट्टीत फाटक्या पोचपावतीच्या पाठीवर
ते पिनकोड फोडत बसायचे,
शेंगा फोडाव्यात तसे.
शिवडी लगेच फुटली: पाच, सात, अकरा
आणि एक हजार एकोणचाळीस, तो दाणा कडक.
ग्रँट रोडला वेळ लागला, पण एकोणिसाशी गेलंच.
"वडाळा मात्र बघ," म्हणाले,
"दोन नाही, तीन नाही, सात नाही.
सहाशे एकतीसपर्यंत गेलो.
एकशे पंधरा भागाकार, प्रत्येकाखाली बाकी."
तिथेच का थांबलात?
"पुढच्या कुणाने भाग गेला असता
तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता."

मग तेहेतीस. काळाचौकी, त्यांचं घर.
पुन्हा एकशे पंधरा. पावत्या संपल्या, महिना संपला,
तीही अभंग.
"जुळ्या आहेत," एवढंच म्हणाले.

वडाळ्याला त्यांचा भाऊ, हे मला खणामुळे कळलं.
विम्याचं पाकीट, नाव य. गो. चेंदवणकर.
एरवी पत्र भिरकावणारा हात
तेवढ्यापुरता आत गेला, आणि पाकीट ठेवून आला.
वडिलांची एक खोली, दहा बाय बारा.
दोघांत भाग जाईना.
बाकी उरली ती अठरा वर्षं.

नकाशात दोघांच्या मध्ये नुसती शिवडी.
आकड्यांत मात्र मध्ये बत्तीस, मंत्रालय:
कायम तुडुंब खण,
अर्ज, स्मरणपत्रं, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं.

मार्चअखेर त्याच खणाच्या परतीच्या गठ्ठ्यात
एक पोस्टकार्ड आलं. पिन चुकीचा, असा शिक्का.
पत्ता काळाचौकीचा,
खाली ठळक, गिरवून गिरवून, ४०००३२.
मी मजकूर वाचला नाही. तीन ओळी होत्या.

चेंदवणकरांनी कार्ड दिव्याखाली धरलं.
"यशवंताला आकडे कधी जमलेच नाहीत."
अठरा वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.
मग पावती काढली, पेन काढलं.
दोन, दोन, दोन, दोन, दोन.
तीन, तीन, तीन.
इतकं सोपं त्यांना कधी मिळालं नव्हतं,
हसू आल्यासारखं झालं त्यांना.
तळाशी चारशे त्रेसष्ट.
"आणि हा?"
"हा नाही जात. राहू दे."

सकाळी फाटकाबाहेर
ते नेहमीच्या बसथांब्याकडे वळले नाहीत.
कार्ड खिशात होतं, पावती टेबलावरच.

ती माझ्याकडे आहे.
झोप आली नाही की त्या चारशे त्रेसष्टला
सातने भागते, अकराने, तेराने,
एकोणिसाने.
बाकी सात.