विंचू

फलक कन्नडमध्ये, खाली बारीक इंग्रजी.
लगमव्वाच्या नातवानं वाचून दाखवला:
चर्मोद्योग समूह, सामायिक सुविधा केंद्र, मदभावी.
"सामायिक म्हणजे रे?"
"म्हणजे आपलं सगळ्यांचं."
"मग किल्ली कुणाकडं?"

किल्ली अथणीला होती.
मध्यंतरी चिकोडीला. एकदा तर कळलं,
बेळगावला गेलीय, सहीसाठी.

पाहणीला हिरेगौडर साहेब आले. भला माणूस.
पोत्यावर मांडी घालून बसले, बिनदुधाचा चहा प्याले,
वहीत लिहिलं, युनिट बेचाळीस.
सत्यव्वा वेणी घालते, तिचा दीर तळ शिवतो,
सासू बाभळीची साल कुटते,
आभाळ आलं की पोरं कातडं उचलून आत पळतात,
हे सगळं मिळून युनिट एक.
पोरं कुठल्या रकान्यात, ते विचारायचं राहिलं.

तीन पावसाळे कुलूप.
पण पडवी ऐसपैस, पत्रा कोरा.
तळवे आम्ही तिथंच वाळवले.
एवढी सरकारी सावली
कुठल्याच योजनेत लिहिलेली नव्हती.

चौथ्या वर्षी थ्री-फेज आली.
यंत्र गुरगुरलं, तळ बसला सपाट,
तासाला चाळीस जोड. खोटं कशाला बोलू?
ठोकून ठोकून माझ्या मालकांचा खांदा गेलेला.
त्या दिवशी ते लोखंडावर हात ठेवून उभे राहिले,
विकत घेतलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा,
बराच वेळ.

मग डिझाइनवाली बाई आली पुण्याहून.
तिला वेणी आवडली, गोंडा आवडला, कान आवडले.
फक्त म्हणाली, करकर नको.
एसीच्या ऑफिसात लोक दचकतात.
विंचू काढा.

विंचू म्हणजे बी. वाळलेलं, काळं.
दोन तळांच्या मध्ये दडवायचं,
मग चप्पल बोलते.
मामंजी मिरजेच्या बाजारातून परतायचे
तेव्हा ओढ्यापलीकडूनच कळायचं,
माल खपला की नाही.
खपला असला तर करकर सावकाश यायची.

तीनशे जोडांची ऑर्डर. निम्मे पैसे आगाऊ, खात्यावर.
आम्ही विंचू काढले.
मुके जोड खोक्यात भरले, धाकटीची नर्सिंगची फी भरली,
आणि बियांची पुरचुंडी फडताळात राहिली,
हळदीच्या डब्याशेजारी.

परवा हिरेगौडर साहेबांची बदली झाली,
वर, मोठ्या कचेरीत.
बेचाळीस घरांनी मिळून एक जोड केला.
यंत्राला हात लावला नाही.
माझी वेणी, सत्यव्वाचा गोंडा, तळ मालकांच्या खांद्याचा,
आणि दोन्ही पायांत
मोजून पाच-पाच विंचू.

साहेब चार पावलं चालले, थांबले, हसले.
"फार वाजते हो."

लगमव्वा म्हणाली, वाजू द्या.
तुम्ही जिन्यात असाल
तेव्हाच किल्लीवाल्याला कळेल.