मागचा पडदा

आमच्या नीलम फोटो स्टुडिओत, कंधारच्या जुन्या बसस्टँडसमोर,
एक गाव टांगलेलं असायचं खिळ्याला.
तळं. तळ्याकाठी लाल कौलांची घरं,
टोकदार मनोरा, मनोऱ्यात घड्याळ, पाच वाजून दहा मिनिटं,
आणि मागं मिठासारखे डोंगर.

मोईन पेंटरनं काढलेलं, अठ्ठ्याऐंशी साली,
तेलाच्या कॅलेंडरवरून, साडेचारशे रुपयांत.
कॅलेंडरचा उजवा कोपरा उंदरांनी नेलेला.
"ये कोना क्या करूं, भाई?"
म्हणलो, भर तुझ्या मनानं.
मग तो सायकल घेऊन जगतुंग सागराकडं गेला,
दुपारभर बसला,
आणि परत येऊन त्या परदेशाला
एक बाभूळ लावून दिली, पाण्यावर झुकलेली,
खाली दोन म्हशी, नाकापर्यंत बुडालेल्या.
म्हशी मी पुसायला लावल्या.
बाभूळ राहिली.

त्या गावासमोर किती जण उभे राहिले.
लग्न ठरायच्या पोरी, नव्या साडीची घडी सांभाळत,
दुबईला निघालेले, पासपोर्टचा झाला की एक हौसेचा,
दहावीत पहिला आलेला, पेढा गालात तसाच,
आणि बहाद्दरपुऱ्याचे मन्मथअप्पा,
ज्यांनी फोटो निघाल्यावर वळून नीट बघितलं
आणि विचारलं,
ह्या गावाला पाणी रोज सुटतंय का आठ दिवसाला?
मी हसलो. ते हसले नाहीत.

किल्ला चालत गेलं तरी जवळच.
खंदकात पाणी, आत कुण्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे,
दगडी पाऊल असं, की अंगठ्याला टेकून
पोरानं डबा खावा.
तिथं काढू फोटो, म्हणलं
तर गिऱ्हाईक म्हणायचं, तिथं काय आहे? गवत आहे.
आणि खरं सांगतो, मलाही
कॅमेरा, स्टँड, छत्री घेऊन उन्हात जायचा
कंटाळाच यायचा.

परवा गिरिजा मठपतीचा फोन आला, व्हिडिओचा.
पाच वर्षांची असताना बसवली होती तिला माझ्याकडं
स्टुलावर, रडत, हातात प्लास्टिकचा टेलिफोन.
आता तिकडं शिकायली, कुठल्यातरी थंड देशात.
म्हणली, काका, सापडलं. तेच गाव. बघा.

फोन फिरवला तिनं.
तळं होतं. कौलं होती. मनोरा जरा बुटका निघाला.
दगडी गल्ल्यांतून माणसं आइस्क्रीम चाटत,
मान वर करून भिंती वाचत चाललेली.
एक म्हातारी बदकांना पाव टाकायली होती,
टाकू नका, अशी पाटी होती म्हणे शेजारीच.
आणि घड्याळ चालू होतं.
हे मला काही केल्या पटेना.
आमच्याकडं छत्तीस वर्षं पाच वाजून दहा मिनिटं झालेली,
तिथं कुणी न विचारता पावणेबारा.

आणि उजवीकडं? मी विचारलं.

"तिथंच तर दोन दिवस फिरायले मी, काका.
चर्च बघितलं, संग्रहालय बघितलं,
बोटीतून पलीकडं जाऊन आले,
पुन्हा काठानं, पुन्हा काठानं.
तिथं पार्किंग आहे.
एका बाईला विचारलं सुद्धा,
इथं एक झाड होतं का, वाकडं, काट्याचं?
बिचारी नकाशा काढून शोधायली."

मी सांगणार होतो. तेवढ्यात रेंज गेली,
किंवा मीच फोन जरा लांब धरला.
मोईनला जाऊन चार वर्षं झाली.
स्टुडिओत आता हिरवं कापड आहे,
पोरगा बटण दाबतो, मागं काय पाहिजे ते येतं.

रात्री शटर अर्धं ओढून
माळ्यावरची गुंडाळी खाली घेतली.
डांबरगोळ्या गडगडत कोपऱ्यात गेल्या.
उलगडताना मनोऱ्याचा एक पोपडा
माझ्या चपलेवर पडला, काटे घड्याळातच राहिले.
बाभळीखालच्या पाण्यावरून हात फिरवला.
निळ्याच्या आत, बोटांना,
अजून दोन उंचवटे लागतात.
बसून आहेत.