दोन खुर्च्यांची होडी

थंड इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं
ती डिझेलच्या टेम्पोसारखी टकटकते.
हे मी आधीच सांगून टाकलं.
लपवायचं काय, बाई स्वतःच बॉनेटला कान लावून उभी होती,
डोळे मिटून, छाती तपासावी तशी.

बार्केटा. आमच्याकडे छोट्या होडीला म्हणतात.
सत्त्याण्णवचं मॉडेल. रंगाला कागदावर भारी नाव आहे,
ओत्तावियो म्हणतो, उकडलेलं गाजर.
मी घेतली तेव्हा मला ना नवरा होता ना गॅरेज,
होतं फक्त चॉकलेटच्या कारखान्यातलं पगारवाढीचं पत्र
आणि इर्मा मावशीचा टोमणा:
दोनच खुर्च्या? मग सासूला टपावर बसवणार?
पण टप तरी कुठाय!

टप आहे. कापडी. डाव्या कोपऱ्यात गळतो.
मागची प्लास्टिकची काच मोतीबिंदू झाल्यासारखी,
तिच्यातून मागे टाकलेलं काहीच धड दिसत नाही,
ते मला कित्येक वर्षं सोयीचं होतं.

तेंदाच्या खिंडीतून उतरताना
समुद्र आधी दिसला नाही कधी,
आधी वास यायचा.

ओत्तावियो पहिल्यांदा शेजारी बसला
आणि आठव्या वळणावर म्हणाला, थांब.
उतरला, कठड्याला धरून ओकला,
रुमालाने तोंड पुसत विचारलं,
पुन्हा कधी?
त्या दिवशी माझं ठरलं.

मग निवेस झाली.
तिघांतला एक नेहमी बस स्टॉपवर.
बहुतेक तोच, हातात दुधाची पिशवी,
आम्हां दोघींना हात हलवणारा.
निवेसला वळणं आवडत नाहीत, वेग आवडत नाही,
तिला आवडतं दाराचं बटण:
दाबलं की चकचकीत मूठ टुणकन बाहेर येते.
दाब, टुणकन. दाब, टुणकन.
तासभर कुठेही न जाता.

मार्चमध्ये सोनोग्राफीवाल्या मुलीने पडदा माझ्याकडे वळवला
आणि दोन बोटं दाखवली.
मला वाटलं, दोन मिनिटं थांबा म्हणतेय.

आता सीट मागे सरकवली तर पाय क्लचला पोचत नाही,
पुढे घेतली तर आतून दोघं
स्टिअरिंगला लाथा घालतात.

नवी गाडी, म्हणजे जुनीच, दारात उभी आहे.
राखाडी, सात जणांची, सरकत्या दारांची,
आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास अजून आत राहतो.
तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.
ओळख झालेली नाही, एवढंच.

बाईंचं नाव एल्दा. वय अडुसष्ट. मोंदोवीहून बसने आल्या.
चौकाला एक फेरी मारली, तीही पहिल्याच गिअरमध्ये,
मग खाली वाकून म्हणाल्या, चारही टायर चार जातींचे आहेत.
साडेसहाचे सहा हजार केले,
माझ्या आठवणींना एक युरोही धरला नाही.
तेंदाची गोष्ट मी सुरू केली तर म्हणाल्या,
पावती आधी.

सह्या झाल्यावर न विचारताच बोलल्या:
तीन मुलगे वाढवले, बाई.
तीस वर्षं मागच्या सीटवरच्या मारामाऱ्यांना पाठ देऊन
गाडी चालवली.
आता मला मागची सीटच नको.
नवऱ्याला वाटतं माझं डोकं फिरलंय. वाटू दे.

निवेसने शेवटचं एकदा बटण दाबलं.
एल्दाबाई थांबल्या.
मग म्हणाल्या, अजून एकदा दाब.

गल्लीच्या टोकाशी गाजरी ठिपका वळला.
तेव्हा आठवलं, सांगायचंच राहिलं:
गार असताना दुसरा गिअर अडतो,
त्याला ढकलायचं नाही,
मधे क्षणभर सोडून द्यायचं.

चर्चच्या मागून आवाज आला. कर्रर्र.
माझा उजवा हात हवेत आपोआप सैल झाला.
ओत्तावियोने तो पाहिला, बोलला काही नाही.
थोडी शांतता.
मग तिकडे सापडला त्यांना.