चार उभ्या, एक आडवी

मिलच्या गोदामात गाठी मोजायचं अण्णांचं काम.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
गाठ ट्रकवर चढली की मगच रेघ, आधी नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला
रामबागेतल्या आमच्या खोलीत रेडिओ खरखरायचा.
विलायतेत तेव्हा संध्याकाळ.
पाहुण्या संघाचं नाव घेताना निवेदकाचा आवाज जरा उतरला
की आकड्याआधीच अण्णा म्हणत, "हरले."

त्यांचा माणूस एकच. थॉर्नली, सेंटर फॉरवर्ड,
कोळशाच्या गावचा, डाव्या पायाचा.
आई त्याला थोरली म्हणे.
"काय, तुमच्या थोरलीनं किती मारले आज?"
घरातली थोरली मी.
गोधडीत दचकून जागी व्हायचे.

गोल किती ते रेडिओ सांगे, कुणाचे ते नाही.
म्हणून रात्रीची रेघ पेन्सिलीची.
जहाजानं आलेला पेपर तीन आठवड्यांनी लायब्ररीत लागला
की तीच रेघ शाईनं गिरवायची,
नाहीतर खोडायची.

विक्रम मोडला तेव्हा तिकडे
हारतुरे कधीच सुकून गेले असतील.
अण्णांसाठी तो मोडला एका मंगळवारी,
वाचनालयाच्या बाकावर, सव्वासहाला.
कुणाला सांगावं कळेना.
रात्री सराफ्यात गेले, गराडूवाल्याला म्हणाले,
"आज टूट गया."
त्यानं झारा बाजूला ठेवून अण्णांच्या हाताकडे पाहिलं.
"क्या टूट गया, भिया?"
त्या रात्री आम्हाला उठवून गराडू खायला घातले,
लिंबू जास्त पिळलेले.

मग थॉर्नलीचा गुडघा गेला.
खालच्या क्लबात, मग आणखी खालच्या.
पेपरात त्याचं नाव मुंगीएवढं झालं;
अण्णा भिंग घेऊन जात.
मिलमध्ये तिसरी पाळी बंद झाली होती.
लायब्ररीनं तो पेपर बंद केला,
वर्गणी परवडेना म्हणून.

शेवटच्या पानावर तीन उभ्या रेघा आहेत.
पेन्सिलीच्या.

भाचा म्हणाला, "मावशी, नाव सांग, मिनिटात काढतो."
मोबाइल हातात घेऊन थांबला होता बिचारा.
म्हटलं, राहू दे. चहा घे आधी.
रेघा पुसट झाल्यात,
पण बोट फिरवलं
तर अजून काळं होतं.