नाकाचे ठसे

आधी नुसत्या शिंका.
पाच आठवड्यांची पिल्लं पेंढ्यात तोंड खुपसून,
एकाला आली की ओळीने सगळ्यांना,
आणि थोरकिल हसला होता, खरं सांगायचं तर.
दर शिंकेला "भलं होवो" म्हणायची त्याच्या आईची रीत;
त्या शेडमध्ये ती पाळायची
तर दिवस पुरला नसता.

मग डोळ्यांखाली काळी रेघ,
काजळ फिसकटल्यासारखी.
अश्रूंची वाट आतून बुजत चालली होती.
मग चुन्याच्या भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे,
बरोबर पिल्लाच्या उंचीवर.
मार्चच्या शेवटी, उत्तर जटलंडचा तो बोचरा वारा चालू असताना,
एकाचं नाक डावीकडे वळलं
आणि तिकडेच वाढत राहिलं.

बोडिल आली ती करवत घेऊन.
तीन पिल्लं निवडली. नावं नव्हती, कानात आकडे होते.
पहिल्या दाढेच्या रेषेत आडवा छेद,
कापलेली बाजू टिपून कोरडी केली,
शाईच्या गादीवर टेकवली,
मग कागदावर.

निरोगी नाकाचा एक ठसा तिने सोबत आणला होता.
मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना पातळ हाडांच्या गुंडाळ्या,
चकलीचा आतला वेढा मोडू नये म्हणून
हात हलका धरावा,
तशा हाताने घातलेल्या.
"फुलपाखरू," मारेन म्हणाली. ती आठ वर्षांची.
तिच्या बापाच्या पिल्लांचे ठसे शेजारी ठेवले:
कड शाबूत,
आत दोन भोकं.
मारेन काही म्हणाली नाही.

"विष म्हणतेस, तर मरत का नाहीत?"
"याला मारायचं नसतं," बोडिल हात धूत म्हणाली.
"हाडात दोन टोळ्या राबतात, जन्मभर.
एक पाडणाऱ्यांची, एक गवंड्यांची.
तूही आत्ता उभ्या उभ्या
थोडा पाडला जातोयस, थोडा बांधला जातोयस.
हे विष पाडणाऱ्यांना सांगतं, चालू द्या.
गवंड्यांना सांगतं, बसा.
पेशीच्या आतलं बटण दाबतं
आणि दाबलेलंच ठेवतं."
"आणि पाय? पायही आखूड वाटतात मला."
"हाडाच्या टोकाशी कूर्चेची चकती असते.
तिथे पेशी रांगेत उभ्या असतात, लांबी वाढवायला.
रांग पुढे सरकत नाही."

नळ बंद केला तिने. मग वर पाहिलं,
झरोक्यांकडे. त्यांत पोती कोंबलेली.
जानेवारीत तेल महागलं होतं.
अमोनियाने डोळे चुरचुरत होते दोघांचेही.
"एक जंतू आधी येतो, अस्तर खरवडून ठेवतो,
मग दुसरा बिऱ्हाड करतो," एवढंच बोलली ती.
पोत्यांबद्दल नाही.

नवा वळू-डुक्कर त्याने शरद ऋतूत घेतला होता,
आस्गरकडून, बायकोच्या भावाकडून.
कागद नाही, पावती नाही, हातात हात दिला झालं.
त्याचं नाक जरा आखूड होतं, सुरकुतलेलं.
थोरकिलला ते गोजिरं वाटलं होतं.

रविवारी तो ठसे पाकिटात घालून गेला.
मेणकापडावर मांडले, साखरेचं भांडं सरकवून.
आस्गरने ते बराच वेळ पाहिले,
चष्मा काढून पाहिले,
आणि म्हणाला, "कॉफी घेशील?"
घेतली. हवामानाबद्दल बोलले.
दारापर्यंत सोडायला आला तेव्हा,
बूट घालताना,
"माझ्याकडेही शिंकतायत," एवढं म्हणाला.

गाभण माद्यांना आता लस टोचतात,
पहिल्या दुधातून ती पिल्लांत उतरते.
पोती निघाली, तेलाचं बिल वाढलं.
वाकड्या नाकांची पिल्लं तशीच मोठी झाली,
वजनात कमी, खाण्यात नाही,
जूनमध्ये गाडी आली.

एक ठसा मारेनच्या पलंगाशी टाचणीने लावलेला आहे,
बिनपंखांचा, आजारी.
दोन भोकांत तिने पेन्सिलने वेढे काढून पाहिले असणार.
जमले नाहीत. खोडले. परत काढले.
तिथे कागद इतका झिजलाय
की सकाळी
खिडकीचा उजेड आरपार येतो.